मुख्य पात्र मेलं की प्रेक्षक कधी रडतो आणि कधी चिडतो? (गेम ऑफ थ्रोन्स आणि इतर, रसभंग होईल)

फुटाळा_काठ

आधीच सांगतो. गेम ऑफ थ्रोन्सचे आठही सीझन, हाऊस ऑफ द ड्रॅगनचे पहिले दोन आणि वॉकिंग डेडचा सातव्या सीझनचा पहिला भाग, यातले मृत्यू इथे उघडपणे लिहिले जातील. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच परत फिरावं.

लाडकं पात्र मारलं की प्रेक्षक चिडतात असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एकाच मालिकेतल्या, सारख्याच क्रूर मृत्यूंना लोकांनी अगदी वेगवेगळा प्रतिसाद दिलाय. पहिल्या सीझनचा नायक असलेल्या नेड स्टार्कचं मुंडकं उडालं (पहिला सीझन, नववा भाग, १२ जून २०११) तेव्हा लोक हादरले, 'आता बघणार नाही' म्हणाले, आणि दुसऱ्या सीझनला प्रेक्षक उलट वाढले. रेड वेडिंगनंतर (लग्नाच्या मेजवानीत नेडचा मुलगा रॉब आणि त्याची आई कॅटलिन मारली जातात तो भाग, २ जून २०१३) तसंच झालं. मग १९ मे २०१९ ला ड्रॅगनवाली राणी डेनेरिस मेली, तर शोक बाजूलाच राहिला. आठवा सीझन पुन्हा नव्याने बनवा, या ऑनलाइन मागणीवर तोवरच १० लाखांहून जास्त सह्या पडल्या होत्या.

माझं म्हणणं असं आहे की प्रेक्षक मृत्यूवर चिडत नाही, हिशोब चुकला की चिडतो. आणि हिशोब दोन असतात. मागचा हिशोब म्हणजे हा मृत्यू त्या पात्राच्या कुठल्या निर्णयांमुळे ओढवला. पुढचा हिशोब म्हणजे त्या मृत्यूने मागे राहिलेल्यांचं काय बिघडलं.

नेडचा मागचा हिशोब बघा. सातव्या भागात तो राणी सर्सीला स्वतःहून सांगतो की तुझी मुलं राजाची नाहीत हे मला कळलंय, त्यांना घेऊन निघून जा. मग राजाचा भाऊ रेनली माणसं द्यायला तयार असतो, त्याला नाही म्हणतो. मग दरबारातल्या कारस्थानी लिटलफिंगरवर विसंबतो. तीन पायऱ्या, तिन्ही त्याच्या स्वभावातून आलेल्या, तिन्ही आपल्या डोळ्यांदेखत. पुढचा हिशोब दहाव्या भागापासूनच सुरू होतो: रॉबला उत्तरेचा राजा म्हणून घोषित करतात, थोरली मुलगी सान्साला बापाचं मुंडकं बघायला लावतात, धाकटी आर्या केस कापून पोरगा बनून पळते.

रॉबचंही तसंच. फ्रे घराण्याला दिलेला लग्नाचा शब्द त्याने मोडला, हे सगळ्यांना आठवतं. पण तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात तो आपल्याच बाजूच्या सरदाराचं, रिकार्ड कारस्टार्कचं डोकं उडवतो, त्याबरोबर कारस्टार्कांची फौज जाते, आणि म्हणूनच त्याला ज्याचा अपमान केला त्याच फ्रेच्या दारात पुन्हा जावं लागतं. हा दुवा नसता तर रेड वेडिंग नुसती कत्तल झाली असती.

डेनेरिसच्या बाबतीत बिया पेरलेल्या होत्या, हे मी मान्य करतो. जिंकलेल्या मीरीन शहरात १६३ गुलाममालकांना खांबांवर ठोकणं, न झुकणाऱ्या टार्ली बापलेकांना जाळणं, सगळं आहे. पण शहराची शरणागतीची घंटा वाजल्यापासून ते शहर जाळायला निघेपर्यंत आपल्याला फक्त तिचा चेहरा दिसतो. मधल्या पायऱ्या सहा भागांच्या सीझनमध्ये मावल्याच नाहीत. पुढचा हिशोब तर साफ गाळला. तिचा प्रियकर जॉन स्नो तिला मारतो, तिचा ड्रॅगन ड्रोगन सिंहासन वितळवतो, आणि लगेच काही आठवड्यांनंतरचा प्रसंग. तिच्या फौजेचा सेनापती, ज्या ग्रे वर्मने थोड्याच आधी कैद्यांचे गळे चिरले, त्याने आपल्या राणीच्या खुन्याला जिवंत का ठेवलं? ती रात्र दाखवायला हवी होती. ती न दाखवल्याचा राग मला रास्त वाटतो.

बर्डीवाला

भाऊ, हिशोबाचं पटलं, पण एक गोष्ट सुटून राहिली. काही मृत्यूंची लोकं वाट पाहतात. त्याचं काय?

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, १८८० च्या दशकापासून. सोबत बडगे. वर्षभराची रोगराई, महागाई, जो काय राग असेल तो त्या पुतळ्यांवर लादायचा आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' करत गावाबाहेर नेऊन जाळायचा. सर्सीचा क्रूर पोरगा, राजा जॉफ्री मेला (चौथा सीझन, दुसरा भाग, १३ एप्रिल २०१४) तेव्हा जगभर असंच झालं. रेड वेडिंगपासून साचलेलं सगळं त्याच्यासोबत गेलं.

पण तो सीन नीट पाहा. मिरवणूक थांबते. पोट्टं खोकते, वाइन मागते, जमिनीवर पडते. चेहरा जांभळा, नाकातून रक्त, आणि कॅमेरा हटतच नाही. त्याचं डोकं सर्सीच्या मांडीवर. मारबतीला आई नसते, याला आहे. टाळ्या वाजवायला उचललेले हात तिथं थोडे अडखळतात, आणि तो भाग मोठा आहे तो त्यामुळेच. सान्साचा छळ करणाऱ्या रॅमसेच्या वेळी (सहावा सीझन, नववा भाग) हे अडखळणं नाही. कुत्रे सुटतात, सान्सा पाठ फिरवून चालायला लागते, ओठावर बारीक हसू. लोकं खूश झाले, पण त्याच्यावर बोलायला फार काही उरलं नाही.

मंजिष्ठा

फुटाळा, तुमच्या दोन हिशोबांच्या आधी आणखी एक प्रश्न येतो: मृत्यू पक्का आहे का?

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांतला फरक सांगितलाय. दोन्हींत ताटातूट, दोन्हींत अश्रू. पण विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे पुन्हा भेटीची आशा शिल्लक असते. करुण निरपेक्ष, आशा संपलेली. प्रेक्षकाला यातलं कुठलं दुःख करायचं हे कळलं पाहिजे. ते कळू दिलं नाही की त्याला आपला वापर झाल्यासारखं वाटतं.

जॉन स्नो १४ जून २०१५ ला बर्फात पडला आणि १ मे २०१६ च्या भागात उठला. हे साडेदहा महिने लोक विप्रलंभात होते. नटाने केस कापले का, तो बेलफास्टमध्ये चित्रीकरणाच्या जागी दिसला का, लाल देवाची पुजारीण मेलिसांड्रे त्याच रात्री भिंतीवर का पोचली, असे पुरावे गोळा करत होते. नोव्हेंबरात आलेल्या पोस्टरवर त्याचाच रक्ताळलेला चेहरा होता. नटाने खोटं बोलल्याबद्दल नंतर जाहीर माफी मागितली. तरी फार लोक चिडले नाहीत, कारण आशेला कथेतच आधार होता. लाल देवाच्या पुजाऱ्याने बेरिक डोंडारियनला मेलेला उठवलेलं आपण तिसऱ्या सीझनमध्ये पाहिलं होतं.

वॉकिंग डेडमधल्या ग्लेनचं उलटं झालं. (ती भयकथा आहे, पण उदाहरण इतकं नेमकं आहे की टाळता येत नाही.) ऑक्टोबर २०१५ मध्ये तो प्रेतांच्या गर्दीत पडताना दाखवला. पुढच्या भागांच्या श्रेयनामावलीतून नटाचं नावसुद्धा काढलं. काही भागांनी तो कचरापेटीखालून जिवंत निघाला. मग ३ एप्रिल २०१६ ला खलनायक नीगनची बॅट कोणावर तरी पडते, पण कॅमेरा मरणाऱ्याच्या डोळ्यांतून बघतो, म्हणून कोण मेलं ते कळत नाही. उत्तर मिळालं २३ ऑक्टोबरला. तोवर लोकांनी ग्लेनसाठी एकदा रडून घेतलं होतं, मग सुटकेचा श्वास सोडला होता, मग सहा महिने अंदाज बांधले होते. शेवटी तो खरंच मेला तेव्हा करुण शिल्लकच नव्हता. त्यानंतर त्या मालिकेचा प्रेक्षक घटत गेला.

वऱ्हाडी_ठेचा

मला दोघांच्याही मांडणीत एक अडचण दिसते. तुम्ही प्रेक्षकाला टीकाकार समजून राहिले. बहुतेक लोकांची पहिली प्रतिक्रिया कथानकाबद्दल नसतेच, ती नात्याबद्दल असते.

हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जडतं आणि ते ओळखीच्या माणसासारखंच चालतं. पुढे २००४ मध्ये जोनाथन कोहेन यांनी इस्राएलमधल्या प्रेक्षकांना विचारलं की आवडतं पात्र दिसेनासं झालं तर काय वाटेल. नातं जितकं घट्ट, तितका त्रास जास्त. साधीच गोष्ट आहे, पण त्यातून एक कामाची बाब निघते: नातं घट्ट होतं ते वेळेने. आठवड्याला एक भाग, दहा आठवडे, मग वर्षभर थांबायचं, असं बघणाऱ्याचं नेडशी जे नातं जडतं ते शनिवार-रविवारात सगळा सीझन संपवणाऱ्याचं जडत नाही. २०११ च्या प्रतिक्रिया आणि आज पहिल्यांदा बघणाऱ्या पोट्ट्यांच्या प्रतिक्रिया वेगळ्या दिसतात, त्याचं मोठं कारण हे.

दुसरं म्हणजे सवय. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये सातव्या सीझनपर्यंतच्या ३३० महत्त्वाच्या पात्रांची मोजदाद केली. त्यातली १८६ मेली होती, म्हणजे अर्ध्याहून जास्त. इतके मेल्यावर प्रेक्षक स्वतःला आवरून बसतो, कोणालाच जीव लावत नाही. शिवाय नवव्या भागाची खूण लोकांनी ओळखली होती: पहिल्यात नेड, तिसऱ्यात लग्न, चौथ्यात इग्रिट, पाचव्यात शिरीन, सहाव्यात रिकन. नववा भाग आला की लोक आधीच अंग चोरून बसत.

फुटाळा_काठ

ठेचा भाऊ, वेळेचं पूर्ण मान्य. पण शिरीनचं नाव घेतलंत म्हणून तिच्यावरच तपासून बघू. पाचव्या सीझनच्या चौथ्या भागात तिचा बाप, सिंहासनाचा दावेदार स्टॅनिस तिला सांगतो की तू आजारी पडलीस तेव्हा सगळे म्हणाले हिला दूर पाठव, मी पाठवलं नाही, कारण तू माझी मुलगी आहेस. पाचच भागांनी तो तिला जाळू देतो. पाहिलेलं नातं तेवढंच घट्ट, मृत्यू तेवढाच पक्का, तरी लोकांचा राग वेगळ्या जातीचा होता. 'वाईट झालं' यापेक्षा 'हा माणूस असं करणार नाही' हे वाक्य जास्त वेळा लिहिलं गेलं. मागचा हिशोब लागत नव्हता.

पुढचा मात्र लागला. शिरीनने स्टॅनिसच्या विश्वासू दाव्होसला वाचायला शिकवलं होतं, आणि त्याने तिला लाकडाचं हरीण कोरून दिलं होतं. सहाव्या सीझनच्या शेवटी तेच जळकं हरीण तो मेलिसांड्रेसमोर टाकतो. त्या एका प्रसंगाने बऱ्याच जणांचा जुना राग दुःखात बदलला. म्हणजे हिशोब उशिरा चुकता केला तरी चालतो, पण करावा लागतो.

सांजवेळ

यात 'आधी माहीत असणं' कुठे बसतं? आपल्याकडे तर सगळं आधीच माहीत असायचं. दूरदर्शनवरचं महाभारत (१९८८ ते १९९०, ९४ भाग) बघताना अभिमन्यू मरणार हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. तरी त्या रविवारी घराघरात डोळे पुसले गेले. फुटाळांचे दोन्ही हिशोब त्यात अगदी ठळक आहेत: आत शिरायचं माहीत, बाहेर पडायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा.

२०११ मध्ये लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी दाखवलं की शेवट आधी सांगितला तरी गोष्टीची गोडी कमी होत नाही. पण त्यांनी छोट्या कथा वापरल्या होत्या. जी गोष्ट वर्षानुवर्षं चालते, तिथे हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. आणि अभिमन्यूचा मृत्यू सगळ्यांना एकत्र माहीत होता. रसभंगात दुखतं ते हे की एकाला माहीत आणि शेजारच्याला नाही.

पुस्तक वाचलेले आणि न वाचलेले, ही फूट म्हणूनच पडते. रेड वेडिंग असलेलं पुस्तक २००० सालचं. म्हणजे वाचक १३ वर्षं गप्प बसून होते, आणि त्या रात्री त्यांनी आपल्या न वाचलेल्या मित्रांचे चेहरे चित्रित करून ठेवले.

मंजिष्ठा

आणि वाचकांचा रागही वेगळा असतो. हाऊस ऑफ द ड्रॅगनच्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात (१६ जून २०२४) राजपुत्र जेहेरिसचा खून होतो. न वाचलेल्यांना तो भयंकर वाटला. वाचलेले म्हणाले, सौम्य केला. पुस्तकात त्याच्या आईला, हेलेनाला दोन मुलगे आहेत, आणि मारेकरी तिलाच निवडायला लावतात. ती धाकट्या मेलॉरचं नाव घेते, तर ते थोरल्याला मारतात. म्हणजे जो वाचला, त्याला मारायला आईने सांगितलं होतं. पुढे तिचं मन उद्ध्वस्त होतं ते याच काट्याने. मालिकेत मेलॉर नाहीच, म्हणून तो काटाही नाही. मूळ लेखकाने स्वतः सप्टेंबर २०२४ मध्ये ब्लॉगवर यावर नाराजी लिहिली आणि नंतर ती नोंद काढून टाकली.

प्रसंगातलं रक्त कमी झालं म्हणून वाचक तक्रार करत नव्हते. पुढचा हिशोबच कापला गेला, ही तक्रार होती.

धंतोली_पूर्व

सगळं वाचलं, छान चाललंय. एक व्यवहारातला प्रश्न. काही जण पाहिलेले आणि काही पहिल्यांदाच बघणारे एकत्र बसणार असतील, किंवा नवा सीझन आला की सोमवारी सकाळी सगळ्यांना बघता येत नाही, तर रसभंग टाळायचा कसा?

सांजवेळ

सविस्तर लिहिते.

आधी वेळ समजून घ्या. अमेरिकेत रविवारी रात्री ९ ला लागणारा भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी ६:३० ला येतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की ७:३०. तासाभराचा भाग म्हणजे साडेसात-आठपासून इथे चर्चा सुरू. बुटीबोरीच्या कारखान्यांची पहिली पाळी तोवर कामाला लागलेली असते, मिहानच्या कंपन्यांतले बसमध्ये असतात. धोका सकाळी ८ ते रात्री ९ या पट्ट्यातला आहे, आणि त्यात सगळ्यात वाईट चित्रं. मजकूर आपण वाचायचा टाळू शकतो, लघुचित्र डोळ्यांत आधी शिरतं.

रविवारी रात्रीच करायच्या गोष्टी: ट्विटरच्या (आताच्या एक्सच्या) सेटिंगमध्ये खासगीपणाखाली शब्द म्यूट करायची सोय आहे, मुदत ७ दिवस ठेवा. मालिकेचं नाव, त्याचं आद्याक्षरी रूप, पाच-सहा मुख्य पात्रांची आणि नटांची नावं. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत टाका, नाहीतर मराठी पोस्ट निसटून येतात. यूट्यूबवर आदल्या आठवड्यात त्या मालिकेचे व्हिडिओ बघितले असतील तर ते इतिहासातून काढा, कारण सोमवारी पहिली शिफारस त्याचीच येते. व्हॉट्सॲपवर मीडिया आपोआप उतरणं बंद करा आणि उत्साही मित्रांचे स्टेटस म्यूट करा.

नकळत रसभंग होतो तो शोधताना. एखाद्या पात्राचं नाव गूगलवर टाकलं की पुढे 'मृत्यू' जोडून सुचवणी येते. चाहत्यांच्या विकीवर उजवीकडच्या चौकटीत पात्र जिवंत की मृत ते लिहिलेलं असतं. नटाच्या पानावर किती भागांत काम केलं तो आकडा असतो, तोही पुरेसा बोलका. घराण्यांचा गोंधळ होतो म्हणून वंशावळ शोधायला जाणारे इथेच सापडतात. त्यांच्यासाठी पाहिलेल्यांपैकी कोणीतरी कागदावर वंशावळ काढून द्यावी, तेवढ्याच भागापर्यंतची.

एकत्र बसताना पाहिलेल्यांनी नव्यांच्या मागे बसावं, बाजूला नाही. मृत्यू जवळ आला की माहीत असलेला माणूस पडद्याकडे बघत नाही, नव्याच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि नव्याला ते लगेच कळतं. 'बघ आता' म्हणू नये. 'याला जास्त जीव लावू नको' हे तर अजिबात नाही.

भाग संपल्यावर निदान दहा मिनिटं नव्यांनाच बोलू द्यावं. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक 'खरंच मेला?' असाच असतो. उत्तर द्यायचं नाही. या मालिकेने प्रेत न दाखवलेले परत आणलेत (हाउंड चौथ्या सीझनच्या शेवटी दगडांत मरायला सोडला होता, सहाव्यात लाकडं फोडताना दिसला) आणि प्रेत दाखवलेलाही उठवलाय. तो संशय त्यांचा त्यांना राहू द्या. मंजिष्ठांचा सापेक्ष-निरपेक्ष भेद जगायला मिळतो तो याच दिवसांत.

बर्डीवाला

'होडोर' एवढाच शब्द बोलणाऱ्या होडोरच्या भागाआधी (सहावा सीझन, पाचवा भाग) एक करा. इंग्रजी कानाला सरावाची नसेल तर मराठी-हिंदीतून बघणाऱ्याला शेवट अर्धाच कळते. 'होल्ड द डोअर' हे वाक्य घाईघाईत बोलत बोलत 'होडोर' होते, सगळं दुःख त्या घासत जाणाऱ्या अक्षरांत आहे. अर्थ आधी सांगू नका, फक्त मूळ आवाज लावून खाली सबटायटल ठेवा. लोकांनी नंतर आपापल्या घरच्या दारांवर त्याचं नाव लिहिलं, ते दुसऱ्या कोणत्या मृत्यूला जमलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

सांजवेळ ताईंच्या यादीत माझी एक भर. ऑटोप्ले बंद करा, निदान तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागापुरता तरी.

तो प्रसंग आठवा. दरवाजा लावला जातो. वरच्या सज्जातले वादक लग्नाची धून थांबवून शत्रूचं, म्हणजे लॅनिस्टरांचं गाणं सुरू करतात. कॅटलिनच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहतं, पण डोळे बदलतात. ती शेजारी बसलेल्या रॉबच्याच सरदाराच्या, रूज बोल्टनच्या हाताकडे बघते, बाही वर सारते, आणि खाली चिलखताच्या कड्या. शेवटी तिचा गळा चिरला जातो, ती पडते, पडदा काळा होतो, आणि पुढे श्रेयनामावलीला संगीत नाही. पूर्ण शांतता. २०१३ मध्ये लोकांनी ती शांतता बसून ऐकली, पुढचा भाग सात दिवसांनी होता. आता काही सेकंदांत कोपऱ्यात चौकट येते आणि दहावा भाग चालू होतो. सेटिंगमध्ये ऑटोप्लेचं बटण असेल तर ते आधीच बंद ठेवा आणि रिमोट हातात घेऊ नका. नावं वर सरकून संपेपर्यंत दिवाही लावू नका.